मॉटलीबाईंचा भाग कार्यक्रमात परत घ्या: मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

कार्यकारिणीतले सगळे पदाधिकारी आणि मराठी शाळा समिती,

सप्रेम नमस्कार.

मार्चमधल्या महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी शाळेच्या मोठ्या मुलांनी कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यावर, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला जजवर, जो नाटकाचा भाग बसवला होता तो तुम्ही काढलात. शिक्षकांना विचारलं नाही, मुलांना सांगितलं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन वेळापत्रक आलं आणि त्यात तो भागच नव्हता. विचारल्यावर कारणं मिळाली ती अशी, की त्या पॉलिटिशियन होत्या आणि आपली संस्था राजकारणात पडत नाही, शिवाय हा आपला विषय नाही, आणि मुलांना कोर्टाबिर्टात काय इंटरेस्ट असणार. मी फोन केले, मेल केली, पण "आता ठरलंय, पुढच्या वर्षी बघू" याच्यापुढे कोणी गेलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्यासारखी मंडळं न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकटमध्ये जागोजागी आहेत, त्यांनीही हे वाचावं.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. मोठ्या मुलांचा वर्ग मी घेते आणि हा भाग मी बसवत होते, हे तुम्हाला माहितीच आहे. दुसरी एक गोष्ट मी मंडळात कधी बोलले नाही. इथे एका नोकरीत माझं प्रमोशन अडवलं होतं आणि कारण दिलं होतं की क्लायंटना तुमचे उच्चार समजत नाहीत. क्लायंटशी मी रोज फोनवर बोलायचे, एकाचीही तक्रार नव्हती. तेव्हा एका वकीलबाईंनी मला १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टमधलं टायटल सेव्हन समजावून सांगितलं, की वंश, रंग, धर्म, लिंग यांच्यासारखंच माणूस मूळचा कुठल्या देशाचा यावरूनही नोकरीत भेदभाव करता येत नाही. माझं प्रकरण मिटलं, प्रमोशनही मिळालं. पण नुसता कायदा पास होऊन काही होत नाही, तो कोर्टात नेऊन त्याचा अर्थ पक्का करून घेणारी माणसं लागतात, आणि ती माणसं कोण होती हे शोधत गेले तेव्हा मॉटलीबाईंचं नाव पुन्हा पुन्हा समोर आलं. आणि मी अमेरिकेची नागरिक झाले ती मॅनहॅटनच्या ज्या फेडरल कोर्टात शपथ घेऊन, त्या कोर्टाच्या त्या चीफ जज होत्या हे तर मला शपथ घेताना माहीतही नव्हतं, कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्या मुलांचं तसं होऊ नये एवढंच मला वाटत होतं.

आता तुमची कारणं एकेक घेते.

पहिलं राजकारणाचं. मॉटलीबाई निवडून आलेल्या होत्या हे अगदी खरंय, आम्ही ते लपवलेलं नाही, उलट मुलांच्या स्क्रिप्टमध्ये त्याच्यावर अख्खा प्रवेश आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये मॅनहॅटनच्या वेस्ट साइडमधून पोटनिवडणूक जिंकून त्या न्यू यॉर्क राज्याच्या सिनेटवर गेल्या, त्या सिनेटमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. गरीब आणि मध्यमवर्गीय लोकांना परवडणारी घरं हा त्यांचा तिथला मुख्य विषय. वर्षभरात मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंटची, म्हणजे शहराच्या त्या विभागाच्या प्रमुखाची, जागा रिकामी झाली तेव्हा फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांची तिथे निवड झाली, त्या पदावरही पहिल्या महिला, आणि नोव्हेंबरात पूर्ण टर्मसाठी उभ्या राहिल्या तेव्हा डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि लिबरल तिन्ही पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. मग जानेवारी १९६६ मध्ये प्रेसिडेंट जॉन्सन यांनी त्यांचं नाव फेडरल जज म्हणून पाठवलं. म्हणजे निवडणुकीचं राजकारण सगळं मिळून अडीचेक वर्षं. त्याच्या आधी जवळपास २० वर्षं वकिली आणि त्याच्यानंतर २००५ मध्ये जाईपर्यंत ३९ वर्षं न्यायासनावर. एवढ्या आयुष्यातली अडीच वर्षं उचलून "पॉलिटिशियन" म्हणून बाजूला करायचं हे मला पटत नाही.

बरं, ती अडीच वर्षंसुद्धा वाया गेलेली नाहीत, माझं तर उलट मत आहे. कायदा जिथे तयार होतो तिथे बसलेल्या माणसाला कळतं की एखादा शब्द कायद्यात का आला, कोणी अडवला, कशाच्या बदल्यात कोणी काय सोडलं. असा माणूस नंतर कोर्टात बसला की तो कायदा वेगळ्या जाणतेपणाने वाचतो. आणि निवडून येऊन पुढची चार पावलं सरळ दिसत असताना त्यांनी ते सोडून जिथे प्रचार नाही, टाळ्या नाहीत, पक्षाचं काम करायचं नाही अशी जागा घेतली, आयुष्यभरासाठी. हे मुलांना कळायला नको का?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की राजकारणातून आलेला जज निःपक्षपाती कसा राहील, तर हा प्रश्न चांगलाच आहे आणि तो त्यांच्यासमोर वेगळ्या रूपात प्रत्यक्ष आला होता. १९७५ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या सलिव्हन अँड क्रॉमवेल या मोठ्या लॉ फर्मवर स्त्री वकिलांनी नोकरीतल्या भेदभावाचा खटला भरला, तोही टायटल सेव्हनखालीच, आणि तो मॉटलीबाईंकडे आला. फर्मच्या बाजूने मागणी झाली की या स्वतः बाई आहेत, कृष्णवर्णीय आहेत, भेदभावाविरुद्ध लढलेल्या आहेत, यांनी खटल्यातून बाजूला व्हावं. त्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं होतं की जजची पार्श्वभूमी किंवा लिंग किंवा वंश एवढ्यावरूनच बाजूला व्हायचं तर या कोर्टातला एकही जज हा खटला ऐकू शकणार नाही, कारण प्रत्येकाला यातलं काही ना काही आहेच. गोरा पुरुष म्हणजे आपोआप निःपक्ष, बाकीच्यांनी ते सिद्ध करायचं, या समजुतीला त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. मी स्वतः उच्चारांवरून तोलली गेलेली आहे, त्यामुळे हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

आणि टॅक्सचं कारण खजिनदारांनी काढलं, की आपण ५०१ सी ३, म्हणजे करसवलत मिळणारी सेवाभावी संस्था आहोत, राजकीय काही केलं तर सवलत जाईल. कायद्यात बंदी आहे ती निवडणुकीत कुठल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला. २००५ मध्ये वारलेल्या जजबद्दल मुलांनी मराठीत नाटक करायला बंदी नाही. आपणच दिवाळीला निवडून आलेल्या लोकांना स्टेजवर बोलावतो, शाल श्रीफळ देतो, फोटो काढतो, तेव्हा हा नियम कोणाला आठवत नाही.

दुसरं कारण, आपला विषय नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

मॉटलीबाई वकिली करत होत्या तेव्हा दक्षिणेत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असायच्या. तालमीच्या वेळी वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "त्या वेळी आपण असतो तर आपल्याला कुठल्या शाळेत घातलं असतं?" मी घरी येऊन शोधलं आणि पुढच्या रविवारी त्याला सांगितलं. मिसिसिपीत रोझडेल नावाच्या गावात मार्था लम नावाची चिनी वंशाची मुलगी होती, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, घरचे सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९२७ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की राज्याला तिला "कलर्ड", म्हणजे गोरे नसलेल्यांच्या, शाळेत पाठवायचा अधिकार आहे. आणि त्याच्या चारच वर्षं आधी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात याच सुप्रीम कोर्टाने ठरवलं होतं की भारतीय माणूस "गोरा" नाही, सबब त्याला अमेरिकेचं नागरिक होता येणार नाही, त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कितीतरी भारतीयांचंही ते काढून घेतलं गेलं. तो दरवाजा १९४६ ला किलकिला झाला, पण भारतातून वर्षाला १०० माणसांचा कोटा. १०० माणसं अख्ख्या देशातून!

मग ते बदललं कसं? गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांची व्यवस्था मोडली ती १७ मे १९५४ च्या ब्राऊन खटल्याच्या निकालाने, आणि त्या खटल्याच्या मूळ दाव्याचा मसुदा मॉटलीबाईंनी केलेला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थरगुड मार्शल यांच्या हाताखाली काम करताना. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यामुळे १९६४ चा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट आला, आणि त्याच वातावरणात १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला ज्याने जुने देशवार कोटे गेले. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सन यांनी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायथ्याशी त्याच्यावर सही केली, आणि त्याच जॉन्सन यांनी चार महिन्यांच्या आत मॉटलीबाईंचं नाव जजपदाच्या मंजुरीसाठी अमेरिकेच्या सिनेटकडे पाठवलं. आपल्या मंडळाचे जे संस्थापक काका-काकू सत्तरच्या दशकात आले, ते या कायद्यामुळे आले. मग हा विषय आपला नाही तर कोणाचा?

आणखी सांगते. आपण १४ एप्रिलला मुलांना कोलंबिया युनिव्हर्सिटीत बाबासाहेबांचा पुतळा दाखवायला नेतो. मॉटलीबाई १९४६ मध्ये कोलंबियाच्याच लॉ स्कूलमधून बाहेर पडल्या. त्याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी इथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, इथल्या कृष्णवर्णीयांनी युनायटेड नेशन्सकडे जो अर्ज करायचा ठरवला होता त्याच्या प्रती मागायला, कारण अस्पृश्यांसाठीही तसंच करायचा विचार होता. बाबासाहेबांना हा विषय आपला वाटत होता. आनंदीबाई जोशींच्या अस्थी जिथे आहेत त्या पोकिप्सीला आपण जातो, जायलाच हवं, तर ते पोकिप्सीसुद्धा मॉटलीबाई ज्या कोर्टाच्या चीफ जज होत्या त्याच कोर्टाच्या हद्दीत येतं. मुलांना या सगळ्याची एकत्र ओळख करून द्यायला कष्ट पडत नाहीत, ठरवावं लागतं फक्त.

इथेच एक अवघड गोष्ट लिहिते. एका पालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की "काळ्या लोकांचे विषय आपल्या मुलांना कशाला, आपली इमेज वेगळी आहे." कमिटीतलं कोणी असं बोललं नाही, पण ते बोलणं कमिटीपर्यंत पोचलं होतं आणि कोणी खोडूनही काढलं नाही. आपण घरी रंगावरून काय बोलतो ते मुलं ऐकतात, आणि मग शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलाबद्दल तसाच विचार करायला लागतात. मंडळाने अशा बोलण्यापुढे मान तुकवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरं, मुलांना इंटरेस्ट नसतो म्हणे. एकदा तालमीला आला असता तर असं म्हणाला नसता.

दक्षिणेतल्या कोर्टांत मॉटलीबाई बोलायला उभ्या राहिल्या की काही जज खुर्ची फिरवून चक्क पाठ करून बसायचे. मुलांनी हे ऐकलं आणि स्वतःच तो प्रवेश बसवला. एक मुलगा प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेला असतो, वकील झालेली मुलगी बोलायला लागते तसा तो खुर्चीसकट उलटा फिरतो, आणि ती त्याच्या पाठीशी बोलत राहते, आवाज न चढवता, एकेक कागद काढून टेबलावर ठेवत. पहिल्यांदा केलं तेव्हा मुलं हसली. नंतर कोणी हसलं नाही. ती मुलगी आपल्या शाळेतली सगळ्यात अबोल मुलगी आहे, मराठी बोलताना अडखळते म्हणून तिला दरवर्षी समूहगीतात मागे उभं करतात, आणि या प्रवेशात तिने सगळे संवाद पाठ केलेत. तिला मी काय सांगू?

मुलांना बर्मिंगहॅमचा किस्सा तर इतका आवडलाय. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला शाळेतली मुलं मोर्चात चालली, पोलिसांनी त्यांच्यावर कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले, आणि वर शाळा बोर्डाने हजाराहून जास्त मुलांना शाळेतून काढलं. मॉटलीबाई कोर्टात गेल्या, तिथल्या फेडरल जजने नाही म्हटलं, त्याच दिवशी त्या वरच्या कोर्टाच्या जज एल्बर्ट टटल यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मुलांना परत घ्यायचा आदेश घेऊन आल्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना यात इंटरेस्ट नसणार, असं कसं म्हणता?

जेम्स मेरेडिथ यांचं प्रकरण थोडं मोठ्या मुलांसाठी आहे. एअर फोर्समधून आलेला हा माणूस मिसिसिपी युनिव्हर्सिटीत प्रवेश मागत होता, कृष्णवर्णीय म्हणून मिळत नव्हता. मॉटलीबाई त्यासाठी वीसहून जास्त वेळा मिसिसिपीला गेल्या. १९६२ च्या सप्टेंबरअखेर तो आत गेला तेव्हा दंगल झाली, दोन माणसं मेली. मिसिसिपीत ज्यांच्या घरी मॉटलीबाईंचं येणंजाणं होतं त्या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या मेडगर एव्हर्स यांना पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांच्याच घराच्या दारात गोळी घातली. आणि जॉन्सन यांनी जज म्हणून नाव पाठवल्यावर सिनेटच्या न्यायिक समितीचे अध्यक्ष कोण होते, तर जेम्स ईस्टलंड, मिसिसिपीचेच सिनेटर. त्यांनी ती फाइल सात महिने अडवून ठेवली, कम्युनिस्टांशी संबंध असल्याचे आरोप केले. ३० ऑगस्ट १९६६ ला शेवटी मंजुरी मिळाली आणि त्या देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल जज झाल्या. १९८२ मध्ये त्या कोर्टाच्या चीफ जज, तिथेही पहिल्या महिला. सुप्रीम कोर्टात त्यांनी १० खटले लढवले आणि ९ जिंकले, हे मुलांनी फळ्यावर लिहून ठेवलंय.

आणि ब्रॉन्क्सच्या आसपास राहणाऱ्या, अंगात यँकीज या बेसबॉल संघाची जर्सी घालून मराठी शाळेला येणाऱ्या मुलांना यँकी स्टेडियमची गोष्ट कंटाळवाणी वाटेल? १९७७ च्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम सामन्यांना, मेलिसा लुडके या क्रीडा पत्रकाराला, ती बाई आहे म्हणून, खेळाडूंच्या क्लबहाउसमध्ये, म्हणजे कपडे बदलायच्या जागी, मुलाखतीला सोडलं नाही, पुरुष पत्रकार मात्र आत. मॉटलीबाईंनी १९७८ मध्ये निकाल दिला की स्टेडियम शहराच्या मालकीचं आहे, तिथे हा भेदभाव घटनेत बसत नाही, आणि खेळाडूंची प्रायव्हसी जपायची तर पडद्यासारखे साधे उपाय आहेत, त्यासाठी बाईला तिचं काम करण्यापासून अडवायची गरज नाही. त्यांचे सगळेच निकाल टिकले असंही नाही. मार्टिन सोस्ट्रे या कैद्याला वर्षाहून जास्त एकांत कोठडीत ठेवलं होतं, त्यांनी १९७० मध्ये ते चुकीचं ठरवलं, पुढे वरच्या कोर्टाने त्यातला काही भाग बदलला. हेही आम्ही मुलांना सांगितलंय, कारण वरचं कोर्ट कशासाठी असतं हे त्यातून कळतं.

२०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी जाहीर झालं तेव्हा त्यांनी भाषणात मॉटलीबाईंची आठवण काढली, दोघींचा वाढदिवस एकच, १४ सप्टेंबर. २०२४ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. सगळा देश ज्यांचं नाव घेतोय त्यांच्यासाठी आपल्या कार्यक्रमात वेळ नाही, आणि त्या वेळात आता पैठणी शो ठेवलाय. पैठणी शोला माझा विरोध नाही, मी स्वतः नेसून येईन, पण दोन्ही होऊ शकतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मुलांचा भाग मार्चच्या कार्यक्रमात परत घ्यावा, होता तसा, आणि शेवटी लोक जेवायला उठतात त्या वेळेला ढकलू नये.

शाळेचा कार्यक्रम बदलायचा असेल तर शिक्षकांशी आधी बोलावं आणि कारण लेखी द्यावं. राजकारण म्हणजे काय याचा मंडळाचा नियम असेल तर तो वेबसाइटवर टाका, सगळ्यांना सारखा लागू करा.

वसंतात मोठ्या मुलांना एकदा मॅनहॅटनमधल्या फोली स्क्वेअरच्या फेडरल कोर्टात न्यावं. खटले लोकांसाठी खुले असतात, दारात ओळखपत्र दाखवायचं, फोन जमा करायचा आणि मागच्या बाकावर शांत बसायचं. पैसे लागत नाहीत. ट्रेनचं आणि मुलांना सांभाळायचं मी बघते, दोन पालक तयार आहेत.

आणि ज्या मुलांनी एवढी तयारी केली त्यांच्याशी कार्यकारिणीतल्या कोणीतरी येऊन स्वतः बोलावं. त्यांना अजून वाटतंय की त्यांचं मराठी चांगलं नव्हतं म्हणून भाग काढला.

कोणाचा अपमान करायचा हेतू नाही. तुम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हॉल बुक करण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं करता, मी ते पाहिलंय, म्हणूनच तुमच्याकडून अपेक्षा आहे. पुढच्या कार्यकारिणी बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या. सभासदांना बैठकीला बसता येतं, मी येणार आहे, आणि ज्या पालकांना हे पटतंय त्यांनीही त्या दिवशी वेळ काढून यावं.

तुमची,
मोठ्या मुलांच्या वर्गाची ताई